बिडवे सरांची बोटचाल

पुसलं होतं. एकदा नाही, दोनदा पुसलं होतं. तरीही सोमवारी सकाळी पुण्यातल्या बोटचाल प्रयोगशाळेत पाऊल ठेवल्यापासून वृषाली लोंढेचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चहा घेऊन ती खिडकीशी गेली, चहा तिथेच विसरून टेबलाशी आली आणि मग टेबलावर चहा शोधत बसली.

"काय हरवलंय?" समोरून फरीद तांबोळीने विचारलं. बारा वर्षं दोघं एकाच खोलीत काम करत होते. तिची येरझार सुरू झाली की त्याचं लक्ष कामातून उडायचं.

"काल करमाळ्याला दुसऱ्याच्या संगणकावर बसले होते."

"आणि तुझा कुठे गेला?"

"तांदळाच्या डब्यात आहे."

तांबोळीने चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. मग तिला सगळं सांगावंच लागलं. करमाळ्याच्या प्रबोध टायपिंग संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. संस्था चालवणाऱ्या भालचंद्र बिडवे सरांचा सत्कार होता. उद्घाटनाला नारळ फोडायचा, तर कोणा उत्साही विद्यार्थ्याने तो पाहुण्यांच्या टेबलावरच फोडला आणि अर्धं पाणी वृषालीच्या संगणकात गेलं.

"देशात नऊ किल्लीदार," तांबोळी म्हणाला, "आणि त्यातल्या एका बाईंचा संगणक तांदळात. छान."

त्याचं चिडवणं तिला एरवी आवडायचं. आज आवडलं नाही, कारण त्यात तथ्य होतं. चेहरा, आवाज, डोळ्यांची बुबुळं, सगळ्याची हुबेहूब नक्कल यंत्रं करू लागली तेव्हा माणसाची ओळख पटवण्यासाठी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे त्याची बोटचाल. माणूस काय टाइप करतो याला महत्त्व नव्हतं; कसं करतो याला होतं. दोन कळांमध्ये किती वेळ जातो, कोणती कळ जरा जास्त दाबली जाते, कोणत्या अक्षरापाशी बोट अडखळतं. दहा ओळी टाइप केल्या की यंत्र त्या हाताचा साचा बनवी. प्रत्येक नागरिकाचा पहिला साचा मूळनोंदीत कायमचा ठेवलेला असे. ती मूळनोंद उघडण्याचा अधिकार या नऊ किल्लीदारांनाच होता आणि दर रविवारी त्या प्रत्येकाने आपल्या हाताने ती तपासून सही करायची, असा नियम होता. वृषालीचा हा रविवार करमाळ्यात आला, म्हणून तिला सरांचा संगणक उसना घ्यावा लागला.

"पाहुणी म्हणूनच शिरलीस ना?" तांबोळीने विचारलं.

"हो. सही केली, बाहेर पडले आणि विस्मरण आज्ञा दिली. मग खात्री करायला पुन्हा दोन ओळी टाइप केल्या. यंत्राने ओळखलं नाही. तरी पुन्हा एकदा आज्ञा दिली."

"मग झालं तर. एवढ्या वेळा तर कोणी दाराचं कुलूपही ओढून बघत नाही."

"मला काहीतरी राहिल्यासारखं वाटतंय रे."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बिडवे सरांच्या पत्नी होत्या. सगळे विद्यार्थी त्यांना काकू म्हणत.

"वृषाली, अगं, ह्यांचा संगणक ह्यांनाच ओळखंना झालाय. सकाळपास्नं चार वेळा बसले. नवीन व्यक्ती, नवीन व्यक्ती, एवढंच म्हणतंय ते. काल तुझं काम झालं तेव्हा नीट होतं की गं?"

वृषालीने फोन ठेवला आणि सरळ तांबोळीच्या टेबलाशी गेली.

*

"दोघांचे मूळ साचे काढ," ती तांबोळीला म्हणाली. "माझा आणि त्यांचा. तपासणीचं कारण लिही, माझ्या नावावर."

पडद्यावर दोन रेषा उमटल्या. एक निळी, एक तांबडी. तांबोळीने त्या एकमेकींवर सरकवल्या. निळी रेषा तांबडीच्या खाली जवळजवळ दिसेनाशी झाली होती.

"सत्त्याण्णव टक्के," तो म्हणाला. "सख्ख्या जुळ्यांचे हातसुद्धा साठच्या वर जुळत नाहीत. हे कसं शक्य आहे?"

कसं शक्य आहे ते वृषालीला पडद्याकडे बघता बघता उमगलं. बिडवे सरांच्या डाव्या हाताची अनामिका लहानपणी कडबाकुट्टीत अर्धी गेली होती. त्या बोटाची अक्षरं ते मधल्या बोटाने घेत आणि घेण्याआधी किंचित थांबत. मुलांना ते योग्य बोट वापरायलाच सांगत, पण मुलं सरांचं ऐकत नसत, सरांच्या हाताकडे बघत. शिवाय टेबलावर लाकडी पट्टीने ठेका धरून ते शिकवत. वर्गातल्या वीस जणांनी त्या ठेक्यावर एकदम कळा दाबायच्या, ज्याचा आवाज मागे राहील त्याने ओळ पुन्हा घ्यायची. दहावीच्या सुट्टीत वृषाली तिथे बसली होती. तिचा हात त्या खोलीत घडला होता. त्या हातावर तिला नोकरी मिळाली, डॉक्टरेट मिळाली, किल्लीदारी मिळाली आणि आजवर तिला तो आपलाच वाटत होता.

"आपल्या लक्षात कसं आलं नाही?" ती म्हणाली.

"कारण आपण कधी सगळे साचे एकमेकांशी ताडून बघत नाही. माणूस आधी नाव सांगतो, यंत्र तेवढ्याच नावाचा साचा पडताळतं. तू स्वतःला बिडवे म्हणवून घेतलं असतंस तरच कळलं असतं." तांबोळीने खुर्ची तिच्याकडे वळवली. "पण सरांचा साचा पुसला का गेला? तू तर पाहुणीला पुसलंस."

याचं उत्तर तिला चांगलंच ठाऊक होतं. साचा संगणकात एका जागी ठेवलेला नसतो. मीठ आमटीत असतं तसा तो सगळीकडे असतो. म्हणून विस्मरण आज्ञा एखादं नाव शोधून खोडत नाही. समोरच्या हाताशी जे जे जुळेल ते सगळं धुऊन काढते. आणि संगणकातला साचा सरकता असतो. माणूस म्हातारा होतो, बोटं जड होतात, तसा रोज थोडाथोडा तोही बदलतो आणि मुख्य यंत्र त्या संगणकाच्या शब्दावर विश्वास ठेवतं.

"सरांना सहा वर्षांपासून कंपवात आहे," ती म्हणाली. "त्यांचा आजचा हात म्हणजे त्यांचा जुना हात आणि त्यावर सहा वर्षांची थरथर. मी जुना हात काढून घेतला. वरचं सगळं कोसळलं."

"मूळनोंदीतून पुन्हा ओळख पटवू दे त्यांना."

"मूळनोंदीत त्यांचा चौदा वर्षांपूर्वीचा हात आहे. नव्वद टक्के जुळायला हवा. ते आज तसं टाइप करू शकतील का?"

"मग पुसलेलं परत आणायचं?"

वृषाली हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. जे यंत्र विसरलं ते कोणालाही, कुठल्याही कारणाने परत मिळता कामा नये, हा नियम तिनेच तीन वर्षं समित्यांशी भांडून करून घेतला होता.

सरांचा नुसता पत्रव्यवहार अडला असता तर गोष्ट वेगळी होती. पण सरांच्या गळपट्टीच्या हाडाखाली कंपरोधक, म्हणजे थरथर आवरणारं छोटं यंत्र, बसवलेला होता. त्याच्या तारा मेंदूत गेलेल्या होत्या. दर आठवड्याला पुण्याचे डॉक्टर त्याची नवी मात्रा ठरवून पाठवत आणि गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत रुग्णाने स्वतःच्या हाताने संमती दिली तरच ती लागू होई. संमती आली नाही तर कंपरोधक बंद पडे. मागे कोणा नातेवाइकांनी एका म्हाताऱ्याच्या डोक्यातली मात्रा परस्पर बदलून त्याला गुंगीत ठेवलं होतं, तेव्हापासून हा कायदा झाला होता. कायदा चांगला होता. विशेष प्रकरण म्हणून अर्ज करायची सोय होती आणि त्याला तीन आठवडे लागत.

"कंपरोधक बंद पडला तर?" तांबोळीने विचारलं.

"मागच्या वर्षी एक दिवस बंद होता. सरांना घोटभर पाणी गिळता येत नव्हतं."

*

मंगळवारी दुपारी ती करमाळ्यात पोचली. तांदळातून काढलेला तिचा संगणक सुरू झाला होता, तो तिने बरोबर घेतला होता. संस्थेच्या मागच्या दोन खोल्यांत सर आणि काकू राहत. सर खुर्चीत ताठ बसायचा प्रयत्न करत होते. त्यांची हनुवटीसुद्धा बारीक हलत होती.

"लोंढे, तू आलीस ते बरं झालं," ते म्हणाले. "हे यंत्र मला नापास करतंय. चाळीस वर्षांत मला कोणी नापास केलं नव्हतं."

"चूक माझी आहे, सर."

"तुझी कशी? तू तर वापरून झाल्यावर स्वच्छ पुसून ठेवलंस. वर्गातसुद्धा तेवढी एकटी तू यंत्र पुसायचीस."

तिने काय झालं ते सांगितलं, सगळं, सोप्या शब्दांत. सरांनी ते ऐकून घेतलं आणि त्यांना सर्वांत आधी कुतूहल वाटलं.

"म्हणजे माझं थांबणं तुझ्या हातात गेलं? मी तर रोज ओरडायचो तुमच्यावर. अनामिका वापरा, अनामिका."

"सगळ्यांच्याच हातात गेलं असणार, सर."

तिने ठरवलं होतं, ठेका धरून बघायचा. हात विसरला असला तरी कान विसरत नाही, असा तिचा हिशोब होता. तिने लाकडी पट्टी घेतली आणि टेबलावर ठोके देऊ लागली. सर टाइप करू लागले. पहिल्या दोन ओळी बऱ्या गेल्या. मग डावा हात एका कळेवर तीनदा आपटला, उजवा दुसरीवर घसरला. अठ्ठावन्न टक्के. पुन्हा. एकसष्ट. बुधवारी सकाळी चौसष्ट झाले तेव्हा काकूंनी देवापुढे साखर ठेवली. दुपारी सर दमले आणि आकडा पंचावन्नवर आला. जितकी जास्त मेहनत तितकी जास्त थरथर, हे वृषालीला दिसत होतं, पण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. ती अंगणात जाई, परत येई, पट्टी उचले, खाली ठेवी.

गुरुवारी चार वाजले. पाच वाजले. पाच वीसला तिने पट्टी बाजूला ठेवली.

"सर, मी टाइप करते."

"काय?"

"तुमचं नाव सांगून. मूळनोंदीत तुमचा जो हात आहे, तो माझ्याकडे आहे."

सरांचा चेहरा कठोर झाला. बोर्डाच्या परीक्षेत पर्यवेक्षक म्हणून उभे असायचे तेव्हा तो तसाच होई.

"नाही. दुसऱ्याच्या पेपरला हात लावायचा नाही. मी हे कधी कोणाला करू दिलेलं नाही, आता तर मुळीच नाही."

"परीक्षा नाहीये ही!" काकू दारातून एकदम पुढे आल्या. "मागल्या साली तुमच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत मी बसले होते. ते बाहेर सांडत होतं. तुम्हाला काय, तुम्हाला नियम दिसत्यात. वृषाली, तू बस."

पायांनी रेटून सरांनी खुर्ची वळवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

वृषालीने नाव लिहिलं: भालचंद्र गणपत बिडवे. मग दहा ओळी टाइप केल्या. ज्या कायद्याचा मसुदा तिने लिहायला मदत केली होती तोच ती मोडत होती आणि तिची बोटं मात्र पोरवयातल्यासारखी हलकी चालत होती. याची तिला लाज वाटली. शहाण्णव टक्के. पडद्यावर डॉक्टरांची मात्रा आली, तिने संमती दिली. सहाला सोळा मिनिटं कमी होती. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या सरांची हनुवटी हळूहळू शांत झाली.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"या गुरुवारचं झालं," ती म्हणाली.

*

त्या संध्याकाळी जेवताना तिला घास गोड लागला नाही. एक तर पुढचा गुरुवार होताच. सरांचा संगणक आता तिच्या हाताला बिडवे सर समजत होता; खऱ्या सरांना तो अजूनही ओळखत नव्हता. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. ती सरांच्या नावाने आत शिरू शकते, तर सरांकडे शिकलेलं कोणीही तिच्या नावाने शिरू शकतं. मूळनोंदीच्या दाराला ती किल्ली होती आणि तशा किल्ल्या तालुक्याभर वाटून झाल्या होत्या.

"सर, तुम्ही किती मुलं शिकवलीत?"

"चार हजार तर सहज."

तिने ताट बाजूला सारलं आणि अंगणात जाऊन तांबोळीला फोन लावला. त्याने सगळं ऐकलं.

"किल्लीदारांच्या यादीतून तुला नाव काढून घ्यावं लागेल," तो म्हणाला.

"माहीत आहे. काढणार आहे. पण नाव काढलं की त्याच क्षणी माझा संगणक पूर्ण पुसून जप्त होईल आणि चौकशीला मला पुण्याला यावं लागेल. मग सरांचा गुरुवार कोण बघणार? मला थोडे आठवडे दे."

"आणि तेवढ्यात त्या चार हजारांपैकी कोणाच्या डोक्यात आलं तर?"

"त्यांना माहीत नाही की त्यांचे हात सारखे आहेत. आत्ता ते फक्त आपल्याला माहीत आहे."

"मला हे आवडलेलं नाही," तांबोळी म्हणाला. पण तो कोणाला बोलला नाही.

तिने रजा टाकली. उपाय एकच होता आणि तो सरकत्या साच्यातच होता. सरांच्या संगणकावर रोज टाइप करायचं, पण रोज आदल्या दिवसापेक्षा किंचित वाईट. आज चिमूटभर थरथर, उद्या आणखी थोडी. म्हातारपण सहा वर्षांत जे करतं ते तिला सहा-सात आठवड्यांत करायचं होतं, म्हणजे साचा सरकत सरकत सरांच्या आजच्या हातापाशी पोचेल आणि मग ते स्वतः त्याला उघडू शकतील. अडचण एवढीच होती की तिला थरथरता येत नव्हतं. ती मुद्दाम हात हलवी तेव्हा तो मुद्दाम हलवल्यासारखाच हले.

चौथ्या दिवशी सरांना ते बघवेना. त्यांच्यातला मास्तर जागा झाला.

"अशी नाही गं येत ती," ते म्हणाले. "तू हात हलवतेयस. मी हलवत नाही, मी धरायला जातो. बोट कळेवर नेताना घट्ट धर, इतकं घट्ट की ते तुझं ऐकणार नाही. हां. आता डाव्या हाताला आधी येते, उजव्याला मागाहून. आणि ओळ संपत आली की वाढते, कारण संपत आली हे आपल्याला कळतं."

त्या दिवसापासून पुन्हा वर्ग सुरू झाला. सकाळी ती तिच्या स्वतःच्या संगणकावर सराव करी, कारण सरांच्या संगणकावर एकही ओळ चुकीची जाऊन चालणार नव्हतं. दुपारी सरांच्या संगणकावर बसून ती मोजून दहा ओळी टाइप करी. तिचा स्वतःचा साचाही सरकत होता, हे तिला माहीत होतं. सरकला तर सरकू दे, काम झालं की परत आणू, असं तिने मनाशी धरलं होतं. दर रविवारी ती किल्लीदार म्हणून सही करी, दर गुरुवारी सर म्हणून. सर दर गुरुवारी भिंतीकडे तोंड करून बसत. झोप तिची उडालीच होती. गावात कोणी भेटून म्हणालं, "ताई, आम्हीपण बिडवे सरांचेच बरं का," की ती त्या माणसाच्या बोटांकडे बघत राही.

सातव्या आठवड्यात एका गुरुवारी सरांनी खुर्ची वळवली नाही. ती टेबलाशी ओढून घेतली आणि स्वतः टाइप केलं. एक्याण्णव टक्के. संमती गेली. काकू देवापुढे हात जोडायला म्हणून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. पुढच्या गुरुवारी ब्याण्णव झाले. मधले सगळे दिवस वृषालीने आपला संगणक उघडला नव्हता. फक्त रविवारची सही तेवढी कशीबशी झाली होती. आखडलेली बोटं तिने गरम पाण्यात शेकली आणि खूप दिवसांनी तिला जेवण गेलं.

शनिवारी सकाळी तिने संगणक उघडला आणि तांबोळीला फोन लावून तो टेबलावर ठेवला.

"आज नाव काढते," ती म्हणाली.

"आजच काढ," तांबोळीचा आवाज आला. "उद्याची सही तुझ्या नावाने व्हायला नको. तुझा गेल्या रविवारचा आकडा बघितलास का? नव्वद पूर्णांक एक. पुढच्या वेळी अडकलीस तर समिती तुझा संगणक उघडेल, आठ आठवड्यांचा साचा बघेल आणि थेट करमाळ्यात येईल. मग सरांच्या सगळ्या संमत्या रद्द."

यादीतून नाव काढून घ्यायचा अर्ज किल्लीदाराने आपल्याच संगणकावर, आपल्याच हाताने भरायचा असे. ती नेहमीच्या हाताने टाइप करू लागली. त्रेपन्न टक्के. ओळख पटली नाही. तिने बोटं घट्ट धरली, सरांनी शिकवलं होतं तसं. पण नऊ दिवसांत हाताने अर्धी वाट परत कापली होती. अठ्ठ्याहत्तर.

"तिसरा प्रयत्न शेवटचा आहे," तांबोळी म्हणाला. "तो चुकला की समितीला आपोआप कळतं. थांब. हात काढ कळफलकावरून. मला तुझा साचा इथून बघू दे."

ती थांबली. फोनमधून कळा दाबल्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला.

"वृषाली, हा साचा तुझ्यापासून फार दूर गेलाय."

"किती दूर?"

"तुझ्या आणि सरांच्या, दोन्ही संगणकांवर तू एकच वाट चाललीस. मी तुझा आजचा साचा सरांच्या आजच्या साच्यावर ठेवून बघतोय." तो घुटमळला. "अठ्ठ्याण्णव टक्के."

तिला कळायला क्षणही लागला नाही. ती यातली तज्ज्ञ होती. तिने सात आठवडे जीव तोडून सरांचा हात सरांच्या यंत्रात भरला होता आणि रोज सकाळी, सराव म्हणून, तोच हात आपल्याही यंत्रात भरत राहिली होती. सरांना त्यांची ओळख परत मिळाली होती. तिची ओळखही त्यांच्याचकडे गेली होती. उसन्या यंत्रावरून स्वतःला पुसताना तिचं काहीच चुकलं नव्हतं. आता स्वतःच्या यंत्रावरून स्वतःला पुसायचं होतं, तर त्यासाठी लागणारा हात तिच्याजवळ नव्हता. तिला भीती वाटली आणि त्याहून जास्त लाज वाटली, कारण सर शेजारीच बसून सगळं ऐकत होते.

"लोंढे," सर म्हणाले, "उठ."

"सर, हा माझा पेपर आहे."

"ते मला समजतंय. उठ म्हणतो ना."

ती उठली. काकूंनी सरांच्या पाठीमागे उशी सारली. सर तिच्या खुर्चीत बसले, कळफलक पोटाजवळ ओढला आणि तिचं नाव, पदवीसकट, टाइप केलं. मग ते पुढच्या ओळी करू लागले. डाव्या हाताला थरथर आधी आली, उजव्याला मागाहून. एका कळेवर बोट दोनदा आपटलं. त्यांनी दुरुस्ती केली आणि शांतपणे पुढे गेले. वृषालीने टेबलाची कड घट्ट धरली होती.

पडद्यावर अक्षरं उमटली: नमस्कार, डॉ. वृषाली लोंढे.

"हं," सर म्हणाले. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. "नाव वगळण्याचं कारण विचारतंय. सांग, मी घेतो."

वर्गात असताना ते मजकूर सांगत आणि ती टाइप करी. आता तिला शब्द सांगायचे होते. बारा वर्षांचं काम होतं, ते या एका ओळीत संपायचं होतं.

"लिहा, सर. माझी बोटचाल माझ्या एकटीची नाही."

सरांनी ते लिहिलं. ओळ संपत आली तशी थरथर वाढली. अर्ज गेला. संगणकाने एकदा खात्री विचारली, सरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिने होकार दिला आणि तिच्या वतीने सरांनी कळ दाबली.